जिनिंगच्या रेकॉर्डिंग सर्व्हरवरची जागावाटपाची अडचण: माझा अनुभव

जळगावजवळच्या एका जिनिंगमधील कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणारा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. कापसाच्या हंगामात वजनकाट्यासमोर गाड्यांची रांग लागते आणि मापावरून शेतकऱ्याने शंका घेतली, तर त्या क्षणाचे चित्रण दाखवता आलेच पाहिजे. त्यामुळे चित्रणात मधूनमधून सेकंद गळू लागले, तेव्हा ती बाब किरकोळ मानणे मला शक्य नव्हते.

डिस्क बदलावी, असा सल्ला मिळाला. परंतु डिस्क निर्दोष होती आणि एरवी तिचा वेगही पुरेसा होता. फाइल डिस्कवर किती तुकड्यांत आहे ते सांगणारी फाइलफ्रॅग ही आज्ञा चालवल्यावर काट्याच्या कॅमेऱ्याची एकेक फाइल हजारो तुकड्यांत विखुरलेली दिसली. आमच्या डिस्कवरच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) चार किलोबाइटचे ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे जागेचे छोटे कप्पे, मिळून १२८ मेगाबाइटचा एक गट होतो. लिनक्सची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइल सिस्टीममधील एमबी-ग्रुप्स या यादीत प्रत्येक गटात किती मोठे सलग तुकडे मोकळे आहेत ते दिसते, आणि आमच्याकडे मोठ्या तुकड्यांच्या रकान्यांत ओळीमागून ओळ शून्येच होती.

कारण हळूहळू उलगडले. सर्व कॅमेऱ्यांच्या फाइली एकाच वेळी थोड्या थोड्या वाढत होत्या. ईएक्सटी४ जागा ठरवण्याचे काम शक्य तितके लांबवते, म्हणजे बराच डेटा साचल्यावर सलग जागा एकदम देता येते. पण आमचा प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी एफसिंक करून, म्हणजे साचलेला डेटा लगेच डिस्कवर लिहायला सांगून, तो निर्णय तिथल्या तिथे घ्यायला लावत होता. त्यात डिस्क जवळजवळ भरलेली. जुनी विखुरलेली फाइल पुसली की मोकळी होणारी जागाही विखुरलेलीच, आणि सलग जागेच्या शोधात कर्नल (लिनक्सचा गाभा) गटामागून गट धुंडाळत राही; तेवढ्यात लिहिणे रखडून सेकंद गळत.

प्रोग्रॅम आमचाच असल्याने फाइल उघडतानाच फॅलोकेट या आज्ञेने तासाभराची जागा राखून ठेवण्याची आणि फाइल बंद करताना उरलेली जागा ट्रंकेट या आज्ञेने परत करण्याची सोय केली. माझ्या मते खरा फरक याच बदलाने पडला. त्याचबरोबर जुने रेकॉर्डिंग थोडे आधी पुसून डिस्कवर कायम पुरेशी जागा मोकळी ठेवली. कर्नलही नवा घेतला, कारण २०२१ मध्ये त्यात आलेल्या सुधारणेमुळे मोकळ्या तुकड्यांच्या आकारानुसार गटांची वर्गवारी ठेवली जाते आणि योग्य गट ओळीने न शोधता सापडतो.

डिस्क फॉरमॅट करावी लागली नाही. जुन्या फाइली मुदतीप्रमाणे पुसल्या गेल्या तशी सलग जागा वाढत गेली, आणि आता काट्याच्या फाइलीवर फाइलफ्रॅग चालवले की मोजकेच तुकडे दिसतात.