जोड कागदावर, निकाल तोंडावर

कुस्त्यांच्या मैदानाची जाहिरात मैदानाच्या आठ-दहा दिवस आधी छापतात. त्यामुळे तिच्यावर जोड असतात, निकाल नसतो. कोण कुणाशी लढणार, कुठल्या तालमीचा, कुठल्या वस्तादाचा पठ्ठा म्हणजे शिष्य, इनाम किती, हे सगळं कागदावर मिळतं. कोण जिंकलं ते मात्र फक्त बघणाऱ्यांच्या तोंडी राहतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या इनामी कुस्तीची आठवण जपायची तर हे दोन्ही गोळा करावं लागतं. कागद मी बऱ्यापैकी सांभाळलेत. माणसं भराभर चाललीत, म्हणून हे लिहितेय.

आमचा छापखाना होता, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. एरवी लग्नपत्रिका, सोसायटीची पावतीपुस्तकं, आणि माघ उजाडला की थेट वैशाखापर्यंत जत्रा. जत्रा म्हणजे कुस्त्या आणि कुस्त्या म्हणजे जाहिराती. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ ही ओळ लाकडी टायपात, सगळ्यात मोठी. खाली पहिल्या नंबरची जोड, मध्ये ‘विरुद्ध’, दोन्ही बाजूंना खांद्यावर गदा घेतलेले फोटो. मग दोन नंबर, तीन नंबर, आणि तळाला ठरलेलं वाक्य: ‘ऐनवेळी जोडीत बदल करण्याचा अधिकार यात्रा कमिटीस राहील.’ प्रत्येक नावाआधी ‘पै.’, म्हणजे पैलवान, यायचं, त्यामुळे त्या अक्षराचे खिळे, म्हणजे छपाईचे टाईप, आमच्या कंपोझिटरला कायम कमी पडायचे. कागद पातळ, गुलाबी किंवा पिवळा. वडील प्रत्येक कामाची एक प्रत फाईलला लावायचे. पुढेमागे कमिटीशी हिशेबाची कटकट झाली तर दाखवायला, एवढाच हेतू. आज त्या फायली माझ्याकडे आहेत.

मी कुस्ती बघण्याआधी वाचली. आमच्याकडे बायका मैदानावर जात नसत. मी प्रुफं तपासायला बसायचे. कुठला पैलवान कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा, कुठला मोतीबागेचा, कुठला शाहूपुरीचा, हे मला त्यांच्या चेहऱ्यांआधी ठाऊक होतं. एखादं नाव तीन वर्षं सात-आठ नंबरला असायचं, मग एका जत्रेत चारला, पुढच्या वर्षी दोनला. तो मुलगा वर चढतोय हे मला कागदावर दिसायचं. मग एका वर्षी नाव एकदम नाहीसं व्हायचं. गुडघा गेला, लग्न झालं, गिरणीत लागला की खुराक परवडेना, ते कागद सांगत नसे.

वरच्या फळीची काळजी नाही. १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी बनतासिंगला हरवून पहिली हिंदकेसरीची गदा आणली, पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर, १९६४ ला मारुती माने. १९६१ पासूनची महाराष्ट्र केसरीची यादी तर कुठेही मिळते. खासबागेची गोष्टही सगळ्यांना पाठ आहे: शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं, १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं आणि तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन भिडले. हे सगळं टिकेल. माझा जीव अडकलाय तो चार ते बारा नंबरच्या जोडीत.

कारण मैदानं या माणसांवर चालत. पहिल्या नंबरची कुस्ती दिवे लागताना, कधी कधी त्याच्याही पुढे. दुपारी तीनला रेवड्यांच्या बक्षिसावर होणाऱ्या पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या की तिथपासून लोकांना धरून ठेवायचं काम या मधल्या पैलवानांचं. पोटासाठी लढणारी माणसं ही. एकदा हंगाम लागला की आज वारणाकाठ, परवा कृष्णाकाठ, मग खाली बेळगाव. एसटीच्या टपावर पिशवी, पिशवीत लंगोट आणि तुपाचा डबा. इनाम मिळालं तर पुढच्या महिन्याचे बदाम, कुस्ती बरोबरीत सुटली तर वाटून येईल ते. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. त्यानंतर कुस्ती जगवली ती जत्रा कमिट्यांनी, पुढे साखर कारखान्यांच्या मानधनानं, आणि गावोगावच्या माणसांनी दिलेल्या वर्गणीनं. त्या वर्गणीची नावंही जाहिरातीच्या कडेला बारीक टायपात आहेत: कुठला दूधवाला, कुठला सराफ, कुठलं तरुण मंडळ.

खाशाबा जाधवांचं उदाहरण मी नेहमी देते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. ब्राँझ घेऊन खाशाबा परतले आणि कुस्त्या भरवून, त्या मैदानाच्या पैशातून त्यांनी ते घर सोडवलं. ऑलिम्पिकचं पदक फेडलं ते इनामी कुस्तीनं. पदकाबद्दल आपण शंभर वेळा लिहिलं. त्या फेडीच्या मैदानात खाली कोण कोण लढलं, हलगीला कोण होतं, याचा एखादा कागद कुणाच्या ट्रंकेत असेल तर मला तो डोळे भरून बघायचाय.

जुन्या जाहिराती वाचायचीही एक रीत आहे. पुष्कळ जाहिरातींवर साल नसतं. ‘चैत्र वद्य पंचमी, सोमवार, ता. अमुक एप्रिल’ एवढंच. तेव्हा मी जुनी पंचांगं घेऊन बसते. तिथी आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ साधारण १९ वर्षांनी पुन्हा बसतो, त्यात वार जुळला की साल सापडतं. फोटोवरून साल काढायला जाऊ नये. पैलवानाच्या फोटोचा जस्ताचा ब्लॉक महाग, म्हणून एकदा केलेला ब्लॉक झिजेपर्यंत वापरायचे. तीस वर्षांचा बाप्या जाहिरातीत बावीसचाच दिसतो.

कागदावरून साल निघालं तरी निकाल निघत नाही, आणि कुस्ती झाली की नाही हेही कळत नाही. त्यासाठी म्हाताऱ्या पैलवानांकडे जावं लागतं. तिथे ‘आठवणी सांगा’ म्हटलं की सगळे एकच सांगतात: आमच्या वेळचं दूध, आमच्या वेळचे जोर, आताची पोरं. मी आता काहीच विचारत नाही. त्यांच्याच नावाची जाहिरात हातात देते. एका वस्तादांनी चष्मा लावून वरपासून एकेक जोड मोठ्यानं वाचली आणि पाच नंबरवर थांबले. “ही झालीच न्हाई. त्यो आला न्हवता. त्याच्या जागी कराडकडचं एक पोरगं घातलं, चांगलं हुतं, पर नाव न्हाई ध्यानात.” मग पुढं नऊ नंबरवर बोट ठेवून म्हणाले, “ह्यो माझा पाठचा भाऊ.” कागदावर त्यांचं आडनाव नव्हतं, नुसतं गावाचं नाव होतं. त्यामुळे मला ते इतकी वर्षं कळलं नव्हतं.

डाव तोंडानं सांगता येत नाही. घिस्सा, ढाक, एकलंगी, मोळी, कलाजंग ही नावं मला लहानपणापासून माहीत, पण समोरच्याची मान नेमकी कुठं धरली आणि कमर कधी वळवली हे विचारलं की म्हातारी माणसं बोलायची थांबतात आणि हात हलवायला लागतात. म्हणून मी आता आवाज रेकॉर्ड करत नाही, व्हिडिओच करते, आणि कॅमेरा चेहऱ्यावर कमी, हातांवर जास्त. एकानं घरातल्या नातवाला उभं करून दाखवलं. ऐंशीच्या घरातला माणूस, काठीशिवाय चालता येत नाही, पण नातवाच्या मनगटाला हात घातला तेव्हा पोराला ते सोडवता येईना.

आणि बायका. त्यांच्याकडे कुणीच जात नाही. पैलवानाचा खुराक आई किंवा बायको सांभाळायची: म्हशीचं दूध, तूप, बदाम वाटून थंडाई. कुठल्या वर्षी म्हैस विकली, कुठल्या वर्षी कुणाकडून उसने घेतले, कोणत्या कुस्तीचं इनाम कशात गेलं, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. एका आजींनी मला सांगितलं की नवरा जिंकून आला की हरून, हे त्यांना शिवारातून येणाऱ्या हलगीवरून कळायचं. वाजत आला तर जिंकला. हरला तर अंधार पडल्यावर मागच्या दारानं यायचा. मैदान त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही, पण नवऱ्याच्या निकालांची सगळ्यात विश्वासू नोंद मला त्यांच्याकडेच मिळाली.

आंदळकर २०१८ ला गेले, महाराष्ट्र केसरी दादू चौगुले २०१९ ला, खंचनाळे २०२० ला. वर्तमानपत्रांत पानं भरून लेख आले, यायलाच हवे होते. त्यांच्याच तालमीच्या हौदात, म्हणजे आखाड्यात, माती उकरलेल्या, त्यांच्या अंगाला तेल लावलेल्या, सकाळी त्यांच्याशी सराव करून संध्याकाळी आपापल्या जत्रेला पळालेल्या माणसांची बातमी मात्र गावच्या फलकावर चार ओळींत येते, त्यात ‘पै.’ असतं तेवढंच. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि शेजारच्या खासबागेच्या व्यासपीठालाही झळ बसली, तेव्हा सगळं कोल्हापूर रडलं. इमारत पुन्हा उभी करता येते. मी त्या रात्री माझ्या कपाटातल्या फायली काढून दुसऱ्या दिवसापासून स्कॅन करायला घेतल्या, आणि प्रत्येक जाहिरातीच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरी ठेवल्यात.

दोन माणसं एकाच कुस्तीचे दोन निकाल सांगतात, असंही होतं. एक म्हणतो घिस्स्यावर चितपट केला, दुसरा म्हणतो पंचांनी बरोबरीत सोडवली, आणि दोघेही त्या दिवशी तिथे होते. मी दोन्ही लिहून ठेवते, सांगणाऱ्याचं गाव, तालीम आणि तो कुणाच्या बाजूचा होता यासकट. एकाला खरं ठरवायचा अधिकार मला नाही, आणि तालमीची बाजू कळली की वाचणाऱ्याला पुष्कळ उमजतं.

तुमच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, जुन्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात अशी जाहिरात असेल तर ती लॅमिनेट करू नका, फोटो काढा. दोन्ही बाजूंनी काढा. हौशी माणसं मैदानात जाहिरात घेऊन बसत आणि जिंकणाऱ्याच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण करत. काही जण मागच्या कोऱ्या बाजूला डाव आणि मिनिटंही लिहीत. छापखान्याच्या फाईलमधली माझी प्रत कोरी असते, तुमच्याकडची मळलेली, घड्या पडलेली, खुणा केलेली. मला तीच हवी आहे. खुणा खोडू नका, कागद पुसू नका, आणि ज्यांच्या हातची ती पेन्सिल आहे ते अजून असतील तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा, फोटो नंतर काढा.