जावाची चासी आणि पावडर कोटिंगला माझा नकार

अप्पांच्या, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांच्या, १९७० च्या जावा मोटरसायकलची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, सध्या जुना रंग काढून ठेवली आहे. बघणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "पावडर कोटिंग का नाही करून टाकत?" म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजायची. भोसरीत दुकानं आहेत, सकाळी दिली की संध्याकाळी चकचकीत परत. खिडकीच्या ग्रिलला, बागेतल्या खुर्चीला मीही तेच सांगेन. या चासीला नाही.

पहिलं कारण, चासी नंबर. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरप्लेटवर राज्यानंतर 'व्हीए' येतं, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासीत किंवा इंजिनात फेरफार नको. चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उठले पाहिजेत. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, आणि तो १८०-२०० अंशांच्या भट्टीत वितळून पसरतो. आमच्या चासीवरचे आकडे मुळातच उथळ. ते बुजले तर मग कुठल्या साहेबासमोर मी काय सिद्ध करणार? दुसरं कारण, पावडरला एकदा टवका उडाला की पाणी खाली शिरतं आणि वरून सगळं छान दिसत असताना आत गंज सरकत राहतो. साध्या रंगाचा टवका निदान त्याच जागी पुन्हा भरता येतो.

आता रंग काढण्याबद्दल, कारण खरं काम तेच. वरचा थर काळा, ब्रशने मारलेला, ओघळ जिथल्या तिथे वाळलेले. त्याखाली हिरवा.

"अप्पा, हा हिरवा कुठला हो?"

"अगं, खिडक्यांच्या गजांना आणला होता, त्यातला उरला. टाकून कसा द्यायचा?"

हे ऐकलं आणि कोरडा पॉलिश पेपर बाजूला ठेवला. गजांच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत नव्वद भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि अप्पांचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडं घासून ती धूळ पार्किंगमध्ये उडवायची नाही, तिथे सोसायटीतली पोरं खेळतात. म्हणून रिमूव्हर आणि पाण्याचा पेपर. रिमूव्हर लावला की रंग आधी सुरकुततो, मग फुगतो, आणि पत्र्याच्या पट्टीने ओढला की पापुद्राच्या पापुद्रा निघून येतो. हे काम मोकळ्या हवेतच करायचं, आणि हातात जाड रबरी मोजे हवेत. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. आमचे पातळ मोजे या द्रावणापुढे काहीच नाहीत.

लॅबचा उपयोग झाला तो नंबरच्या जागी. तिथे रिमूव्हर, पितळी तारांचा छोटा ब्रश आणि बांबूची टोकदार काडी, बस. एकेका आकड्याच्या खोबणीतून आधी काळा, मग हिरवा आणि शेवटी तांबूस प्रायमर निघाला. पोलादी हत्यार तिथे लावलं नाही, कारण एखादा नवा ओरखडा म्हणजे कुणीतरी नंबरशी खेळल्याचा संशय. मग त्या जागेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली, कोनसेटच्या (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगच्या) कपांना आणि आट्यांना लाकडी बुचं ठोकली आणि चासी ब्लास्टिंगला, म्हणजे जोरदार हवेने खरखरीत कणांचा मारा करून साफ करायला, पाठवली.

ब्लास्टिंगला देण्याआधी सीटखालच्या क्लॅम्पच्या आड मात्र बोटभर जागेत मूळ मरून रंग शाबूत सापडला. त्यावर कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) घासलं तर आतून असा काही रंग आला की अप्पाही चष्मा वर करून बघत बसले. तोवर त्यांचं "काळाच मार, मळत नाही" चाललं होतं. रंगाच्या दुकानात शेड जुळवायला तेवढा तुकडा पुरतो, फक्त उजेडात नेऊन बघायचं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मरून हमखास फसवतो.

ब्लास्टिंगनंतर लोखंड कसं फिकट राखाडी दिसतं, आणि काही लपत नाही. मेन स्टँडच्या कानाजवळ जुनं वेल्ड दिसलं, कुणीतरी कधीतरी डागडुजी केलेली. चीर नाही, हे भिंग लावून पाहिलं. दोन-चार पोचे आहेत, ते राहणार. लांबी (पुट्टी) भरून चासीचा आरसा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. या चासीवरचे कारखान्यातले वेल्डसुद्धा काही देखणे नाहीत, मैसूरहून ती अशीच आली होती. जावाच्या चौकोनी पाइपांना आतून गंज धरतो, तो ब्लास्टिंगला दिसतही नाही. म्हणून सगळ्या रंगकामानंतर बोल्टांच्या भोकांतून आत उकळलेलं जवसाचं तेल ओतायचं, चासी सगळ्या बाजूंनी फिरवायची आणि निथळू द्यायची.

उघड्या लोखंडाला थांबायला आवडत नाही. त्याच दिवशी थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमरचा हात दिला.

फवारणी धायरीचा आमचा पेंटर करणार. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, कापडी मास्क त्याला अडवत नाही, त्याच्याकडे हवा पुरवणारा मास्क आहे. वेळ एप्रिलमधली सकाळची. पुण्यात दुपारी इतकी कोरडी उष्णता की थिनर वाटेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो, तर चारनंतर वळवाचा वारा धूळ घेऊन येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका, काँप्रेसरच्या नळीतूनच पाणी येतं. जावाप्रेमींचा जावा दिन असतो जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणून हे सगळं त्याआधी उरकायचं.

टाकी आणि मडगार्ड वेगळे ठेवलेत. पातळ पत्र्याला ब्लास्टिंग लावलं तर तो वाकतो, तिथे हातानेच रंग काढायचा. टाकीवरच्या सोनेरी रेषा स्टिकरने नकोत, ब्रशने ओढणारा माणूस हवा. नाना पेठेत किंवा जुन्या बाजाराकडे असा कुणी अजून काम करत असेल तर कळवा. अप्पा म्हणतात, "मीच ओढतो की." त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.