कोविड बॅचची बी.एस्सी. ते पोडावरची तपासणी : माझा अनुभव

२०२१ साली मी यवतमाळहून बी.एस्सी. झाले. विषय मायक्रोबायोलॉजी, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र. शेवटच्या वर्षाचे प्रॅक्टिकल मोबाइलवर झाले. ग्रॅम स्टेनिंगचा, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखायच्या पद्धतीचा, व्हिडिओ मी गोठ्याच्या छपरावर चढून पाहिला, कारण रेंज तिथंच यायची. गुण चांगले पडले. पण स्वतःच्या हातानं स्लाइड रंगवून वर्ष उलटलं होतं, आणि पुढची तीन वर्षं मला तेच नडलं.

आमचं गाव पांढरकवड्याकडचं, कापूस-तुरीचं. निकाल लागला तसे मामा म्हणाले, "बी.एड. करून टाक ना वं, लग्नालेही बरं पडते." मामांचं चुकत नव्हतं. आमच्याकडे सायन्स शिकलेली मुलगी म्हणजे शाळेतली मॅडम, दुसरं चित्रच कोणी पाहिलेलं नाही.

मी वहीत वाटा लिहून काढल्या. एम.एस्सी. करून सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यायची. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पैसे चांगले, पण तिथवर घर कोण चालवणार? एमपीएससीच्या वनसेवेला वनस्पतिशास्त्र चालतं. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला मायक्रोबायोलॉजीची पदवी थेट पात्र ठरते, हे तर आमच्या वर्गात निम्म्यांना माहीतच नव्हतं. मात्र या जाहिराती कधी येतील याचा नेम नाही. उरली कंपनी. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका मुलाखतीत मला प्लेटवर स्ट्रीकिंग, म्हणजे तारेच्या लूपनं जिवाणू रेघारेघांत पसरवून दाखवायला सांगितलं. लूप तापवला, थंड व्हायची वाट न पाहता कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंत घातला. चर्र आवाज झाला. समोरचे सर शांतपणे म्हणाले, "कोविड बॅच ना?"

परतीच्या एसटीत मी ठरवलं, आधी हात तयार करायचे.

डी.एम.एल.टी., म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करायचं ठरलं. तालुक्यातल्या एका खासगी संस्थेनं नोकरीची हमी दिली आणि ५,००० रुपये भरून घेतले. मग कॉलेजच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "या डिप्लोमावर परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे आधी विचार." लॅब टेक्निशियनसारख्यांची नोंदणी ही परिषद करते. ती होत नव्हती. पैसे गेले ते गेलेच. प्रवेश घेण्याआधी हा एक प्रश्न विचाराच, एवढं मी कळकळीनं सांगते; नोंदणी नसेल तर तो कागद सरकारी भरतीत दाखवता येत नाही.

मान्यता असलेला, पदवीनंतरचा एक वर्षाचा कोर्स नागपूरला मिळाला. २०२२ च्या सुरुवातीला कापसानं क्विंटलला १०,००० ची पातळी ओलांडली होती, बाबांनी थोडा माल राखून ठेवला होता, म्हणून फी भरता आली. प्रवेश सुरू होईपर्यंत मी ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये रोज बसू लागले. तिथल्या ताईंनी मला पहिले आठ दिवस फक्त काचा धुवायला लावल्या. नंतर मलेरिया तपासायचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. रक्ताच्या थेंबाला दुसरी काच तिरपी टेकवायची, थेंब कडेनं पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे ओढायचं. मध्ये थांबलं की पट्टा पडतो. माझे दीडेकशे स्मिअर वाया गेले असतील. ताई म्हणायच्या, "पुन्हा कर." त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते तीन वर्षांत शिकले नव्हते.

भरतीचं थोडक्यात सांगते. कंत्राटी लॅब टेक्निशियनच्या पहिल्या जाहिरातीत मी गुणांत बसत होते, पण नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपलेली. कागदपत्र तपासणीत बाद. पुढच्या वेळी जात वैधता, अधिवास, परिषदेची नोंदणी आणि शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र अशी फाइल आधीच लावून ठेवली. २०२४ मध्ये नाव लागलं. मानधन १७,००० रुपये, आणि करार दरवर्षी नवा. म्हणून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा अभ्यास अजून चालूच आहे.

माझं निम्मं काम सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. सॉल्युबिलिटी टेस्ट या साध्या चाचणीत नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना पॉझिटिव्ह. पण तो माणूस वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नाही) आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे एचपीएलसी या यंत्रावरच्या तपासणीला जातो.

मागच्या महिन्यात कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, गेलो होतो. एक सून चार महिन्यांची गरोदर, अहवालात वाहक. नवऱ्याची तपासणी व्हायची होती. मी कार्डाच्या मागे चार घरं काढली. दुसऱ्या वर्षाला पाच मार्कांसाठी वाटाण्यांवर काढायचो, तीच पुन्नेट चौकट, आईबापाचे गुण लेकरात कसे उतरतात ते दाखवणारी. दोघंही वाहक असले तर एक घर रुग्णाचं, दोन वाहकांची, एक निरोगी.

तिचा नवरा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे चौथं लेकरू बिमार निंगते?"

कॉलेजात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. अंगणात सरकी पडलेली होती. चार सरक्या उचलल्या, एक पेनानं पूर्ण काळी केली, दोन अर्ध्या, एक तशीच ठेवली. मुठीत घेऊन म्हटलं, "दादा, न पाहता एक काढा." काढली. "आता परत टाका. पुन्हा काढा." पुन्हा काढली, पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा काळी निघाली, चौथ्यांदाही काळीच.

"दरखेपेले चारही आतच रायते," तो म्हणाला.

"हो. प्रत्येक बाळंतपणाला."

त्यानं सरक्या बायकोच्या हातात दिल्या आणि बोट माझ्यापुढे केलं.