व्याकरण कुठून सुरू करू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लालबागला आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी बायकांचा इंग्रजीचा वर्ग चालतो. नवीन येणारी प्रत्येक जण हेच विचारते: "मुलगा इंग्लिश मीडियमला आहे, त्याचा अभ्यास घ्यायचाय. ताई, व्याकरण कुठून सुरू करू?"

प्रश्न विचारण्यापासून. नाम, सर्वनाम, विशेषणाच्या व्याख्या राहू देत.

शब्दांची काळजी तर नकोच. टीचर, बेंच, होमवर्क, टाइमटेबल, युनिट टेस्ट, डायरीतला रिमार्क. शाळेचे निम्मे शब्द आपण मराठी बोलतानाच वापरतो. अडतं ते जोडताना. विचारणाऱ्या बहुतेकींची पहिली २००० सालाच्या आधीची. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायचं, नंतर ते पहिलीपासून आलं. म्हणून त्या म्हणतात, आमचा पायाच कच्चा. मला हे पटत नाही. दहावीपर्यंत इंग्रजी शिकलात ना? मग काही कमी नाही, फक्त प्रश्न विचारायची वेळच तुमच्यावर आली नाही. वर्गात प्रश्न बाई विचारायच्या, आपण उत्तरं द्यायची, तीही गाइडमधली.

मराठीत वाक्य आहे तसं ठेवून शेवटी 'का' लावला की झालं: 'ही गाडी दादरला थांबते का?' इंग्रजीत मात्र प्रश्न आहे हे सुरुवातीलाच कळवावं लागतं. 'धिस ट्रेन स्टॉप्स ॲट दादर'चं 'डझ धिस ट्रेन स्टॉप ॲट दादर?' होतं. 'स्टॉप्स'मधला 'स' 'डझ'ने उचलला, क्रियापद मोकळं झालं. नकारातही तेच: 'डझन्ट स्टॉप'. भूतकाळात 'डिड' आला की 'वेंट'चं पुन्हा 'गो'. 'डिड यू वेंट?' हे तर चांगल्या चांगल्या ऑफिसांतही ऐकू येतं.

सराव वहीत नको, गाडीत करा. करी रोडला चढलात की समोर दिसेल त्यावर एक वाक्य, मग त्याचा नकार, मग प्रश्न. 'शी सेल्स क्लिप्स. शी डझन्ट सेल क्लिप्स. डझ शी सेल क्लिप्स?' मनातल्या मनात हं, लेडीज डब्यात सगळ्या बघतात.

आणि इंग्रजीला इतकं घाबरण्यासारखं काही नाही. 'तो गेला, ती गेली, ते गेलं', 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' हे सगळं आपण न अडखळता सांभाळतो. तिथे सगळ्यांना 'वेंट' आणि 'एट'. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे छत्री आहे', 'मला ताप आहे' या तिन्हींना एकच 'आय हॅव'. तेवढं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' करू नका.

'अ', 'ॲन', 'द' मागाहून. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे त्या चुका रेंगाळतात. 'द' राहिला म्हणून पालकसभेतून कुणी बाहेर काढत नाही.

यापुढचा प्रश्नही ठरलेला: मी बोलले की मुलगा हसतो, काय करू? हसू दे. त्याच्याच पुस्तकातला धडा उघडा आणि म्हणा, उत्तरं नकोत, यावर तू मला प्रश्न विचार. इंग्रजीत. 'डिड'पाशी तोही अडखळतो, बघा.