तुझं मूलद्रव्य कोणतं?

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि सोबत स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोपही. गॅदरिंग, खो-खोचा संघ, पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी यांवर बाकीचे लिहितीलच. मला फक्त विज्ञानाच्या सरांबद्दल लिहायचं आहे. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, ते साऱ्या पंचक्रोशीला कळतं.

नववीत आवर्तसारणी सुरू झाली तेव्हा सरांनी प्रयोगशाळेतला कापडी तक्ता वर्गात आणून टांगला. त्यात शेवटचं नाव लॉरेन्सियमचं होतं. आम्ही वह्या उघडून पाठांतराच्या तयारीत बसलो, तर सर म्हणाले, “वह्या ठेवा. यातलं एक घर प्रत्येकानं आपलं म्हणून निवडायचं. आठ दिवस घ्या. पण ते काहून आवडलं, हे सांगता आलं पाहिजे. आणि सोनं कोणी सांगायचं नाही, नाहीतर सगळा वर्ग तेच सांगेल.”

ते आठ दिवस आम्ही घरातल्या प्रत्येक वस्तूकडे वेगळ्या नजरेनं पाहत होतो. तवा कशाचा, कल्हई कशाची, थर्मामीटरमध्ये काय आहे, काडेपेटीच्या कडेला काय लावतात. आईला विचारून विचारून भंडावून सोडलं होतं.

आठवड्यानं वर्गात जी उत्तरं आली, त्यांतली काही मला अजून जशीच्या तशी आठवतात. एकाचा मामा तुमसरकडे मँगनीजच्या खाणीत होता. त्यानं मँगनीज निवडलं आणि मामानं दिलेला काळा जड दगड सोबत आणला. सरांनी लगेच टॉर्चचा संपलेला सेल मागवला आणि टेबलावर फोडला. बाहेरचं कवच जस्ताचं, मधली कांडी कार्बनची आणि भोवतीची काळी पूड मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला माल याच कामासाठी जातो, हे सरांनी सांगितलं तेव्हा मामाच्या भाच्याची मान जी ताठ झाली, ती दिवसभर तशीच होती.

एका मुलीनं हेलियम निवडलं, कारण ते माणसाला आधी सूर्यावर दिसलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या प्रकाशाचे पट्टे तपासले. तिथं दिसलेली पिवळी रेघ पुढे कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं, ते रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत. ‘जे हातात नाही तेही ओळखता येतं, म्हणून आवडलं’, असं ती म्हणाली होती. नववीतली मुलगी! कुणाला गॅलियम आवडलं, कारण ते तीस अंशाच्या आतच वितळतं. म्हणजे आमच्या मे महिन्यात ते दिवसरात्र पातळच राहील.

सोनाराचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझं सोनंच आहे.” वर्ग हसला. त्यानं सांगितलं, “बाबा कसोटीच्या दगडावर दागिना घासतात आणि त्या रेघेवर तेजाब लावतात. तांब्याची रेघ निघून जाते, सोन्याची राहते. मी रोज पाहतो.” सरांनी तिथल्या तिथे आपला नियम मागे घेतला. ज्यानं पाहिलं आहे, त्याला हक्क आहे, म्हणाले.

आणि पांढरकवड्याकडून मामाकडे शिकायला आलेली एक मुलगी होती. तिच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग होते, हसताना ती तोंडावर हात धरायची. ती हळूच म्हणाली, “सर, मला फ्लोरिन आवडत नाही, पण माझ्या ओळखीचं तेच आहे.” तिच्या गावच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त होतं. सरांनी तिच्याकडे पाहून काही विचारलं नाही, दातांचा उल्लेखही केला नाही. फळ्यावर फक्त प्रमाण लिहिलं. लिटरमागे थोडंसं फ्लोराइड दाताला बळ देतं, दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की तेच दात आणि पुढे हाडंही बिघडवतं. मग म्हणाले, कुठलंही मूलद्रव्य चांगलं की वाईट, हे किती आहे ते मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मापाचा हा धडा मला पुढे कुठल्याही पुस्तकात इतका नीट मिळाला नाही.

माझं तांबं. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या मुलीला दुसरं काय सुचणार? घरी मोरचुदाची पिशवी कायम. झाडाला डिंक्या रोग लागू नये म्हणून बाबा पावसाळ्याआधी आणि नंतर खोडांना बोर्डो पेस्ट लावत, पानांवर बोर्डो मिश्रण फवारत. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बाबा ते एका प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचे, चुना दुसऱ्या बादलीत, आणि दोन्ही एकदमच तिसऱ्या भांड्यात ओतायचे. लोखंडाचं भांडं कधीच नाही. शेवटी घासून लख्ख केलेला इळा त्यात बुडवून बघायचे. इळा लाल झाला की आणखी चुना. हे सगळं मी वर्गात सांगितलं.

सर ऐकत राहिले. म्हणाले, “हाच प्रयोग आपण खिळा घेऊन करणार होतो. आता बाबांनाच बोलावू.”

मला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणाले असतील. पण रविवारी सर सायकलनं आमच्या वावरात हजर. बाबांची शाळा चौथीपर्यंतची, ते नाहीच म्हणत होते. सर धुऱ्यावर बसून राहिले, चहा झाला, संत्रीही झाली, आणि बाबा हो म्हणेपर्यंत उठले नाहीत.

बाबा धोतर-टोपीत शाळेत आले, हातात इळा. प्रयोगशाळेच्या टेबलामागे त्यांना उभं करून सर स्वतः पोरांमध्ये बाकावर बसले. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे बाबांचं माप सरांनी लिटरला दहा-दहा ग्रॅमवर आणून ठेवलं होतं. बाबांनी चंचुपात्रात निळं पाणी घेतलं आणि मुद्दाम चुना कमी टाकला. इळ्याचं पातं आत बुडवलं, थोडं थांबून वर काढलं. बुडालेल्या भागावर तांबूस थर चढलेला. “पोट्टेहो, हे पाहा. इळा लाल झाला, म्हणजे चुना कमी पडला. असं फवारलं त पानं जयतात.”

सरांनी उठून त्याच पाण्यात निळा लिटमस बुडवला, तोही लाल झाला. बाबांनी चुन्याची निवळी थोडी थोडी ओतली, इळा पुसून पुन्हा घातला. आता पातं जसंच्या तसं. सरांचा दुसरा लिटमस निळाच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सरांनी फळ्यावर अभिक्रिया लिहिली. लोह विरघळून पाण्यात जातं आणि पाण्यातलं तांबं त्याची जागा घेत लोखंडावर बसतं. चुना पुरेसा असेल तर असं बसायला मोकळं तांबं उरतच नाही. ‘विस्थापन’ हा शब्द आम्हा कुणालाच पाठ करावा लागला नाही.

फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक हे निळं मिश्रण मारत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते औषध म्हणून जगापुढे मांडलं. सरांनी हे सांगितल्यावर बाबा खूप वेळ त्यावर बोलत होते. घरी येताना म्हणाले, “गुरुजी मोठा माणूस आहे. माह्या इळ्याले त्यानं शाळेत जागा देली.” त्यानंतर माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की बाबांच्या तोंडून कधी नकार आला नाही. आमच्या भावकीत मुलीला दहावीनंतर बाहेरगावी ठेवायची पद्धत नव्हती. मी अमरावतीला शिकले, एम.एस्सी. झाले, त्याची सुरुवात त्या तासाला झाली हे मी कुणालाही सांगते.

आज मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे आणि दिवसभर मूलद्रव्यंच मोजते. आमच्या यंत्रात प्रत्येक मूलद्रव्याचा दिवा वेगळा लावावा लागतो. तांब्याचा लावला की ३२४.८ नॅनोमीटरचा प्रकाश ज्वाळेतून जातो, आणि मातीच्या अर्कात जितकं तांबं, तितका तो शोषला जातो. आपल्या काळ्या मातीत तांबं सहसा कमी पडत नाही, जस्त मात्र पुष्कळ ठिकाणी कमी निघतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी अहवालाचा कागद घेऊन समोर बसला की मी त्याला आधी पान दाखवते, आकडे नंतर. ही सरांचीच रीत. माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलंमुली आता वेगवेगळ्या जिल्ह्यांत हेच काम करतात.

मागच्या वर्षी शाळेत गेले होते. इमारत देखणी झाली आहे, याचा आनंद आहेच. पण प्रयोगशाळेच्या खोलीत आता संगणक आहेत आणि खिळा लाल होतो तो पडद्यावर, अर्ध्या मिनिटात. मुलांना आवर्तसारणीची सातवी ओळ २०१६ मध्ये ओगॅनेसॉनपर्यंत भरली हे माहीत होतं, मूलद्रव्यांचा ११८ हा आकडाही तोंडपाठ. त्यातलं आवडतं कोणतं, असं विचारल्यावर वर्ग गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे परीक्षेत विचारतात का?” मला फार वाईट वाटलं. मुलं हुशार आहेत, त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

म्हणून आमच्या तुकडीनं शाळेला मूलद्रव्यांचं एक काचेचं कपाट द्यायचं ठरवलं आहे. तांब्याची तार, जस्ताचा पत्रा, गंधक, कथील, शिसे, कार्बनच्या कांड्या जमल्या आहेत. शेजारी बाबांचा इळा राहील. सोनाराच्या मुलानं वडिलांचा कसोटीचा दगड सोन्याच्या रेघेसकट द्यायचं कबूल केलं आहे. प्रत्येक वस्तूखाली ज्यानं दिली त्यानं ती का आवडते, हे दोन ओळींत लिहायचं. सर ऐंशी ओलांडून गेले आहेत, तरी कपाट उघडायला येणार आहेत. मँगनीजचा दगड तेवढा अजून मिळालेला नाही. तुमसर-गोबरवाहीकडे आपल्या शाळेचं जे कोणी असेल, त्यानं महोत्सवाला येताना सोबत आणावा. मोठा नको, मुठीत मावेल एवढा पुरे.