भरती जिथवर पोहोचते ते गाव : कॅरिक-ऑन-शुअर

आयर्लंडच्या आग्नेयेला, क्लॉनमेलपासून कॅरिक-ऑन-शुअरपर्यंत शुअर नदीच्या काठाने जाणारी सुमारे २१ किलोमीटरची वाट गेल्या मे महिन्यात मी एका दिवसात चालले. आज ती पादचाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी नीट बांधून काढलेली आहे. परंतु मुळात ती घोड्यांची वाट, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज कॅरिक हे गाव उमगत नाही, अशी माझी खात्री चालता चालताच होत गेली.

समुद्राची भरती वॉटरफर्डच्या बाजूने शुअर नदीत शिरते ती वर कॅरिकपर्यंत. वॉटरफर्डहून निघालेला माल भरतीच्या पाण्यावर इथवर सुखाने येत असे. त्यापुढे मात्र नदी उथळ आणि ओढ उलटी, म्हणून क्लॉनमेलकडे जाणारे पडाव, म्हणजे मालवाहू होड्या, काठाने चालणाऱ्या घोड्यांच्या रांगेला दोरखंड बांधून ओढून न्यावे लागत. परतीच्या खेपेला प्रवाहच त्यांना खाली आणी. माल उतरवायचा, पुन्हा भरायचा, घोडे जुंपायचे या कामांवर इथली कित्येक घरे चालली. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉटरफर्डला लाकडी पूल होईपर्यंत समुद्राकडून येताना शुअरवरचा पहिला पूल कॅरिकचाच होता, त्यामुळे दक्षिण तीरावरच्या खेड्यांचा बाजारही आपोआप इथे भरे. पंधराव्या शतकातला तो दगडी पूल अजून वापरात आहे. १८५३ मध्ये रेल्वे आली, तरी पडाव लगेच थांबले नाहीत, हे मला विशेष वाटते.

पर्यटक येतात ते ऑर्मंडच्या वाड्यासाठी. ऑर्मंडचे दहावे अर्ल, म्हणजे सरदार, टॉमस बटलर, ज्यांना लोक ‘ब्लॅक टॉम’ म्हणत, इंग्लंडच्या दरबारात वाढले होते. १५६० च्या दशकात त्यांनी जुन्या किल्ल्याला जोडून तटबंदीऐवजी मोठमोठ्या खिडक्यांचे घर बांधले. त्या काळच्या आयर्लंडमध्ये असे घर बांधणे हे धाडसच होते. वरच्या लांबलचक दालनात भिंतीवर गिलाव्यात घडवलेली राणी पहिल्या एलिझाबेथची प्रतिमा आहे. मान वर करून मी ती बराच वेळ पाहत राहिले. ज्या राणीच्या स्वागताची एवढी तयारी होती, ती तिथे कधीच आली नाही.

वाड्याइतकाच गावाचा लोकरीचा धंदाही मोठा होता. ‘रॅटीन’ नावाचे जाड लोकरी कापड इथे विणले जाई. आयर्लंडच्या लोकरी मालाची निर्यात रोखणारा १६९९ चा इंग्रजी कायदा सोसूनही हा धंदा टिकला आणि पुढे हळूहळू आटला.

मॉरिस डॅव्हिन यांच्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. १८४२ मध्ये जन्मलेल्या या माणसाच्या घरचा व्यवसाय हाच, नदीतून माल वाहण्याचा. ते हातोडाफेकीतले नामांकित खेळाडू होते, आणि १८८४ मध्ये थर्लस येथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही आयरिश खेळांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले. हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ आणि गेलिक फुटबॉल यांचे संघटनेचे पहिले नियम त्यांनी लिहिले. आज देशभर खेळल्या जाणाऱ्या खेळांची घडी बसवणारा माणूस या घोडेवाटेच्या काठचा होता, हे मला वाड्यापेक्षाही मोलाचे वाटते. सायकलपटू शॉन केली यांच्या नावाचा चौकही गावात आहे आणि त्याचा अभिमान जागोजागी दिसतो.

संध्याकाळी धक्क्यावर एक ‘कॉट’ बांधलेली होती. ही सपाट तळाची, डांबर फासलेली अरुंद होडी. अशा दोन होड्यांमध्ये जाळे धरून प्रवाहाबरोबर सोडायचे आणि सामन मासा धडकताच झटक्याने आवळायचे, ही इथली जुनी मासेमारी. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला दोर कसा बोटांत धरतात ते दाखवले. माशाची धडक हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर, असे ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी पायरीकडे बोट केले. कोरडी असलेली खालची पायरी ओली झाली होती, होडीचा ताणलेला दोर सैल पडला होता आणि नदीचा प्रवाह जागच्या जागी थबकल्यासारखा दिसत होता. भरती येऊन पोहोचली होती.