दंडाची पावती

"इंग्रज जाऊन 75 वर्षं उलटली, अजून किती दिवस त्यांच्या नावानं रडणार?" पुण्यात हा प्रश्न मला कुठेही गाठतो. शिवाजीनगर कोर्टाबाहेर चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये. विचारणारे काका माणूस भला. मी वनहक्काचे दावे, म्हणजे जंगलातली कसती जमीन कसणाऱ्याच्या नावावर करायचे अर्ज, भरायला मदत करतो, हे त्यांना कुठूनसं कळलंय. तिसरा मजला आला, ते उतरले, उत्तर राहिलं. तर काका, तुम्ही विचारलंत म्हणून.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. आजोबा उतारावर राब भाजून, म्हणजे फांद्या-पालापाचोळा जाळून जमीन तयार करून, नाचणी-वरई घ्यायचे. कागदावर ती जागा राखीव जंगल. मग गार्ड यायचा, दंड लावायचा, पावती फाडून द्यायचा. आजी त्या पावत्या हिरड्याच्या पोत्यांमागे पत्र्याच्या डब्यात ठेवायची. एक 1974 ची आहे. पिवळा पडलेला कागद, कार्बनची जांभळी अक्षरं, 15 रुपये, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: अतिक्रमण.

हा शब्द आला कुठून? 1878 च्या वन कायद्यातून, आणि त्याच्या जागी आलेल्या 1927 च्या कायद्यातून. हा दुसरा कायदा, काका, दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्यात जंगल राखीव करायची रीत अशी: आधी अधिसूचना, मग गावात जाहीरनामा, आणि हक्क सांगायला किमान तीन महिने. मुदतीत कुणी बोललं नाही, तर हक्क संपला. आमच्या डोंगराचा जाहीरनामा कधी वाचला, वाचला की नाही, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. पणजोबांना सही येत नव्हती. ते तीन महिने गप्प राहिले असतील, नाचणी मात्र पेरत राहिले. त्यांचं गप्प राहणं आजोबांच्या पावतीवर अतिक्रमण होऊन उतरलं.

आणि ही तक्रार काही आम्ही आत्ता शोधून काढलेली नाही. 1878 नंतर पाचच वर्षांत, याच पुण्यात, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यानं डोंगर आणि गायरानं गिळल्याबद्दल लिहिलं होतं.

मग "मूळनिवासी कोण?" हा वाद निघतो. 2007 साली संयुक्त राष्ट्रांत आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूनं भारतानं मत दिलं, पण सरकारची भूमिका अशी की सगळेच भारतीय इथले मूळचे. काकांना ऐकून बरं वाटेल. मला त्या वादात फार रस नाही. आमच्या अर्जात आधी कोण आलं हे विचारत नाहीत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कोण कसतंय, ते विचारतात.

तो अर्ज 2006 च्या वनहक्क कायद्याचा. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रास्ताविकात संसदेनंच लिहून ठेवलंय. म्हणजे रडणारे आम्ही एकटे नाही. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, जुने बांध, विहीर, थडगीसुद्धा चालतात. कायद्यात चालतात, टेबलापलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कागद काय आहे?" ज्यांना कुणी कधी कागद दिलाच नाही, त्यांना.

13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळले गेलेल्यांना हटवायचा आदेश दिला आणि 28 तारखेला त्याला स्थगिती दिली. मधल्या दिवसांत माझा फोन रात्रीसुद्धा वाजायचा. पलीकडून एकच प्रश्न: "कधी येणारेत?" त्यातल्या कितीतरी जणांच्या फायलीत कागद कमी होता, एवढंच.

आमच्याकडे कागद होता. आजोबा ती जमीन 1974 मध्ये कसत होते, याचा सरकारी शिक्क्याचा एकमेव पुरावा म्हणजे तीच दंडाची पावती. त्यांना चोर ठरवणारा कागद आता त्यांचा साक्षीदार. दावा भरताना मी डबा उघडला, तिची घडी सोडवली, झेरॉक्सला न्यायला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. आजी दारात बसून बघत होती.

"माघारी आणशील ना रं?" ती म्हणाली. "पैसं भरल्यात तिचं."